बाल्टिमोरची संचारबंदी

चर्चमधून परतताना मनामाजवळच्या तुबलीच्या वळणावर धूर दिसला, तेव्हा गाडीत कोणी काही बोललं नाही. गेलं वर्षभर सरकारविरुद्ध असंच चाललं होतं. गावागावांत टायर जळायचे, पोलिसांच्या जीप यायच्या, आणि दुसऱ्या दिवशी सगळे मुकाट्याने कामावर जायचे. लान्सीने गाडीची काच वर केली. हिल्डाने पर्समध्ये हात घालून रेसिडेंट कार्ड आहे ना, ते चाचपून पाहिलं. आखातात रविवारची मिस्सा शुक्रवारीच होते, म्हणून ईस्टरआधीचा झावळ्यांचा रविवारही आज साजरा झाला होता. मागच्या सीटवर त्यांची मुलगी शर्लिन आणि तिची रेजिना आत्या हातात झावळ्या धरून बसल्या होत्या.

फक्त रेजिना बोलली.

"मॉन्युमेंट स्ट्रीटला आहे धूर," ती म्हणाली. "आपल्यापासून लांब आहे."

"आत्या, ही तुबली आहे," शर्लिन म्हणाली.

"हो, हो," रेजिना म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

घरासमोर बावतीसची गाडी उभी होती. लान्सीचा हा धाकटा भाऊ अवालीला तेल कंपनीत होता आणि नाताळ-ईस्टरशिवाय या घरी फिरकत नसे. "हा कसा काय आज?" असं लान्सी म्हणाला, तेव्हा हिल्डाने तोंड फिरवलं. बावतीस का आला हे तिला माहीत होतं. मंगळवारी दुपारी कामावरून, हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममधून तिनेच त्याला फोन केला होता.

उपवासकाळातला शुक्रवार, म्हणून मटण नव्हतं. बाटली मसाला घातलेलं हामूर माशाचं कालवण आणि भात. टेबलावर पाच ताटं मांडली. रेजिनाने माशाचा तुकडा चमच्याने उलटून पाहिला.

"कितीला आणला?"

"दीड दिनार किलो," हिल्डा म्हणाली.

"दीड डॉलर? माशाला?" रेजिनाचे डोळे मोठे झाले. "दीड डॉलरला सिनेमाचं तिकीट येतं, हिल्डा. पाव बावीस सेंटला मिळतो. अंडी डझनाला पन्नास-पंचावन्न. तू लुटली गेलीस."

बावतीस हसला. लान्सीही हसला. हिल्डाला हसू आलं नाही. आत्याच्या अमेरिकेचे भाव या घरात सगळ्यांना पाठ होते. सदुसष्ट ते एकोणसत्तर रेजिना बाल्टिमोरच्या एका हॉस्पिटलात नर्स होती, आणि तिच्या डॉलरांवर लान्सीचं कॉलेज झालं, बावतीसचा डिप्लोमा झाला, वसईजवळच्या नंदाखालचं घर उभं राहिलं. ते सगळं हिल्डाने लग्न झाल्यापासून ऐकलं होतं. हॉस्टेलच्या हॉलमधला रंगीत टीव्ही आणि रविवारी रात्रीचा गाण्यांचा कार्यक्रम. इस्त्रीच्या टेबलावर डोकं टेकवून केसांना इस्त्री करणाऱ्या पोरी. स्कर्ट गुडघ्याच्या किती वर आहे ते पट्टीने मोजणारी मेट्रन. किराणा सामानावर मिळणारी तिकिटं वहीत चिकटवून त्यावर आणलेला टोस्टर. पण पूर्वी पाव बावीस सेंटला 'मिळायचा'. गेल्या नाताळपासून तो 'मिळतो' झाला होता. घरातल्या बाकी कोणाच्या ते लक्षात आलं नव्हतं, हिल्डाच्या आलं होतं, आणि त्या दिवसापासून तिला नीट झोप नव्हती. ती कामावर असताना रेजिना गॅस चालू ठेवून बाहेर गेली तर? या दिवसांत, या वस्तीत?

जेवण होईपर्यंत बावतीस थांबला. मग त्याने शर्टाच्या खिशातून विमानाचं तिकीट काढलं आणि पाण्याच्या जगला टेकवून ठेवलं.

"बायचं आहे," तो थोरल्या बहिणीकडे बघून म्हणाला. "रविवारचं. वसईच्या सिस्टर लोकांशी बोललोय मी. त्यांच्या वृद्धाश्रमात खाट रिकामी आहे. तिथे डॉक्टर येतो, चॅपल आहे, आपली माणसं आहेत."

लान्सीने तिकीट उलटून पाहिलं. "कोणाला विचारून?"

"विचारायचं काय त्यात? व्हिजिट व्हिसा दोनदा वाढवलास. तिसऱ्यांदा मिळणार नाही. आणि बाहेर बघ काय चाललंय."

"तुझ्या घरी ठेव मग. नंदाखालला तुझी बायको एवढ्या मोठ्या घरात एकटी आहे. ते घर कोणी बांधलं?"

"एकटी आहे म्हणूनच तिला झेपणार नाही."

"झेपणार नाही! लहान होतो तेव्हा आपण दोघं बायला झेपलो ना?"

"अंकल, यू कान्ट जस्ट सेंड हर लाइक अ पार्सल," शर्लिन म्हणाली.

"मराठीत बोल," बावतीस खेकसला. "बायला पण कळू दे."

"आत्याला तुमच्यापेक्षा जास्त इंग्लिश कळतं."

ते खरंच होतं. रेजिना बशीतले काटे एका ओळीत लावत होती. लांबून हेलिकॉप्टरचा आवाज आला. तो जवळ येत गेला आणि घरावरून गेला. कपाटातल्या काचेच्या वस्तू किणकिणल्या.

लान्सीने हळू आवाजात विचारलं, "तुला व्हिसाचं कोणी सांगितलं, बावतीस? मी तर नाही सांगितलं."

बावतीस ताटाकडे बघत राहिला. मग इच्छा नसतानाही त्याची नजर एकदा हिल्डाकडे गेली.

"अच्छा," लान्सी म्हणाला.

"मी सांगितलं," हिल्डा म्हणाली. "कोणीतरी सांगायला पाहिजे होतं. तू दिवसभर हॉटेलच्या स्टोअरमध्ये असतोस. मी घरी येते आणि दार उघडण्याआधी वास घेते, लान्सी. गॅसचा. रोज. तुला माहितेय ती भीती?"

"मला बोलली असतीस."

"बोलले. तीनदा बोलले. तू म्हणालास, बायचं वय झालंय."

आवाज चढले. लान्सी उठून उभा राहिला, बावतीसही उठला. शर्लिन बापाच्या बाजूने काहीतरी इंग्लिशमध्ये बोलत होती, मग आईच्या बाजूने बोलू लागली, मग रडायला लागली. हे किती वेळ चाललं कोणास ठाऊक. शेवटी शर्लिनच म्हणाली, "आत्या कुठाय?"

खुर्ची रिकामी होती. बशीतले काटे तसेच ओळीत होते. बाहेरचं दार अर्धं उघडं होतं, आणि त्यातून जळलेल्या रबराचा वास आत येत होता.

*

रेजिनाला घाई नव्हती, पण वेळेवर पोचायचं होतं. ड्युटीला वेळेवर पोचणं ही तिची सवय होती.

काळ्यांच्या पुढाऱ्याचा खून झाल्यापासून बाल्टिमोर पेटलं होतं, आणि हॉस्टेलच्या फोनवर निरोप आला होता की जी जी नर्स येऊ शकेल तिने यावं, वॉर्ड भरलेत. बाकीच्या मुली घाबरून खोल्यांत बसल्या होत्या, कोणी टीव्हीसमोर, कोणी ट्रान्झिस्टर कानाला लावून. हॉलमध्ये कोणीतरी भांडत होतं. तिने पर्स घेतली, झावळी घेतली आणि निघाली.

रस्ता ओळखीचा होता आणि नव्हताही. दुकानांची शटर्स ओढलेली. कोपऱ्यावरची लाँड्री बंद. पंचवीस सेंट टाकले की धुलाई, वर दहा सेंट टाकले की वाळवणी, आणि मशीन फिरत असताना बायका बाकावर बसून मासिकांतले नटनट्यांचे फोटो बघतात. आज एक बाई नाही. कोणाचे तरी ओले कपडे आतच राहिले असतील. टीव्हीचं दुकान कुठे गेलं? फुटपाथवर उभं राहून माणसं तिथे फुकटात बेसबॉल बघत. आता तिथे नुसती भिंत होती आणि जमिनीवर तेलाचे डाग.

बसला तीस सेंट लागतात. तिने पर्समधली नाणी मुठीत घेतली. बस आली नाही. एकही बस आली नाही.

मग ती धुराच्या बाजूला चालू लागली, कारण हॉस्पिटल त्याच बाजूला होतं. वळणावर रस्ता काळा झाला होता आणि मधोमध टायर जळत होते. पलीकडे हेल्मेट घातलेले शिपाई ओळीने उभे होते. किती कोवळी पोरं! त्यांतल्या एकाने हात वर करून काहीतरी ओरडलं. तिला शब्द कळले नाहीत, पण हाताचा अर्थ कळला. मागे जा. तिच्या काळ्या-सावळ्या चेहऱ्याकडे त्यांनी तेव्हाही असंच पाहिलं होतं आणि बंदुकीचं टोक तिच्याकडे वळवलं होतं. तिला सांगायचं होतं, आय ॲम अ नर्स. काहीतरी फट्‌ करून फुटलं. पांढरा धूर जमिनीवरून सरपटत आला आणि डोळ्यांत कोणी मिरची भरावी तसं झालं.

तिला वाटलं, आता आपण इथेच पडणार. घरी तार जाणार आणि लान्सी कॉलेज सोडून देणार.

तेवढ्यात तिच्या मनगटावर कोणाचा तरी हात पडला. सुरकुतलेला, खरखरीत, घट्ट. कोणीतरी तिला गल्लीत ओढलं, एका दारातून आत घेतलं, आणि कडी घातली.

*

शब्बीरचं गॅरेज लान्सीच्या घराला लागूनच होतं. तो दापोलीकडचा, तुबलीत वीस वर्षं गाड्या दुरुस्त करत होता आणि गल्लीतल्या पोरांपासून चौकीतल्या हवालदारापर्यंत सगळ्यांशी त्याचं अरबीत बोलणं होतं. लान्सी धावत आला तेव्हा तो शटर खाली ओढत होता.

"कधी गेली?" त्याने विचारलं.

"माहीत नाही. आम्ही..." लान्सीला पुढे बोलवेना. आम्ही तिच्यावरून भांडत होतो, असं कसं सांगायचं?

"बसा गाडीत. भाभी, तुम्ही घरी थांबा."

"मी येणार," हिल्डा म्हणाली आणि पिकअपमध्ये चढली.

बावतीस त्याची गाडी घेऊन मनामाच्या रस्त्याने गेला होता. शर्लिन फोनपाशी बसली होती. शब्बीरने पिकअप मोठ्या रस्त्याला घेतली. लान्सी मध्ये बसला होता, हिल्डा खिडकीशी. दोघांचे खांदे एकमेकांना लागत होते आणि दोघंही समोर बघत होते.

"बसस्टॉपवर बघू," लान्सी म्हणाला. "नाहीतर समुद्राकडे. धुराला घाबरून तिकडे गेली असेल."

"नाही," हिल्डा म्हणाली. "घाबरली तरी पळणार नाही ती. नर्स आहे. धूर दिसला तर ड्युटीला जाईल. धुराच्याच बाजूला चला, शब्बीरभाई."

लान्सीने वळून तिच्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं बाय त्याची होती, आणि हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

नाक्यावर पोलिसांनी अडवलं. हेल्मेटच्या काचेआडून एका तरुण शिपायाने तिघांची कार्डं पाहिली. शब्बीर खाली उतरला, छातीवर हात ठेवून मऊ आवाजात बोलू लागला. लान्सीला 'हिंदी' आणि 'मरीज' एवढे शब्द कळले. शिपाई मान हलवत होता. पुढे मफी, मफी, म्हणजे जायचं नाही. शब्बीर बोलतच राहिला. लान्सीच्या शर्टाची पाठ भिजली. त्याला एकदम आठवलं, तो सोळा वर्षांचा असताना तापाने फणफणला होता. बाय हॉस्पिटलची रात्रपाळी करून सकाळी घरी आली आणि पोशाख न बदलता त्याच्याजवळ बसली होती. खुर्चीतच झोपली होती, त्याचा हात धरून. नंतर ती अमेरिकेला गेली, तो विमानतळावर गेला नाही, त्याचा पेपर होता.

"देवा, तिला काही करू नको," तो पुटपुटला.

हिल्डाने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्याने तो काढला नाही.

शब्बीर परत आला. "बाजूच्या गल्लीने जाऊ देतोय. गाडी नाही, पायी. लवकर या म्हणतो. दुपारच्या अस्रच्या नमाजानंतर परत गडबड होईल असं त्यांना वाटतंय."

गल्ली अरुंद होती. भिंतींवर रंगाने लिहिलेलं आणि वरून चुना फासलेलं. प्रत्येक दार बंद. डोळे चुरचुरत होते. हिल्डाने ओढणी नाकावर धरली. ती या गल्ल्यांत कधीच शिरली नव्हती. कारमधून जातानाही ती इकडे न बघता जायची. आता प्रत्येक बंद दारामागे कोणीतरी उभं आहे असं तिला वाटत होतं. एका कोपऱ्यावर जमिनीवर हिरवी झावळी पडली होती, तुडवलेली.

"तिचीच आहे," हिल्डा म्हणाली, आणि एकेका दाराकडे पाहू लागली.

तेव्हाच समोरचं एक दार बोटभर उघडलं. काळ्या अबायातल्या एका म्हातारीने हात बाहेर काढून त्यांना बोलावलं.

*

खोलीत चटई, लोड, आणि भिंतीला लावलेला पंखा. रेजिना चटईवर बसली होती. जिवंत, धड.

रेजिनाने एका माणसाचा सदरा दोन्ही हातांनी मुठीत धरला होता. तिशीचा दांडगा माणूस, पण तिच्या शेजारी गुडघे मोडून अवघडून बसलेला. शब्बीरने म्हातारीशी बोलून घेतलं.

"ह्या म्हातारीचा, हज्जियाचा मुलगा, जाफर. बंदरावर काम करतो," तो म्हणाला. "बाई रस्त्यात उभी दिसली म्हणून हज्जियाने आत ओढली. पाणी पाजलं. जाफर म्हणाला, मी जाऊन बघतो कोणाची बाई आहे ती. तो उठला की ह्या रडतात. तासभर सोडलेलं नाही त्याला."

"बाय," लान्सी पुढे झाला. "बाय, मी लान्सी."

रेजिनाने त्याच्याकडे पाहिलं. ओळखलं नाही. ती म्हातारीला म्हणाली, इंग्लिशमध्ये, "डोन्ट लेट हिम गो, मिसेस हॅटी. प्लीज."

हिल्डाने लान्सीला मागे सारलं आणि ती चटईवर रेजिनासमोर बसली.

"कुठे जायचंय त्याला?" तिने विचारलं.

"दुधाला." आता रेजिना मराठीत बोलली. "मिसेस हॅटीची मुलगी बाळंतीण आहे. घरात दूध नाही. बाहेर कर्फ्यू. त्यांचा मुलगा वॉल्टर म्हणाला, दुकान कोपऱ्यावर तर आहे, आत्ता येतो. पोलादाच्या कारखान्यात कामाला आहे तो. पंचावन्न सेंट मोजून घेतले अर्ध्या गॅलनचे."

"मग?"

"मग गेला."

बाहेर कुठेतरी पळणाऱ्या पायांचा आवाज आला, मग शिट्टी. म्हातारीने पुन्हा कडी तपासली. रेजिनाच्या मुठी आणखी आवळल्या.

"आला नाही?" हिल्डाने विचारलं.

"मिसेस हॅटींनी मला असंच रस्त्यातून आत ओढलं, मी तीन दिवस होते त्यांच्याकडे. मला खायला घालायच्या, आणि स्वतः दाराशी बसायच्या. दाराबाहेर पांढऱ्या दगडाच्या पायऱ्या, रोज घासायच्या त्या. त्या तीन दिवसांत घासल्या नाहीत. मग लष्कराने मला हॉस्टेलवर सोडलं. सुट्टी मिळाली तेव्हा गेले, तर घराला कुलूप." तिने हिल्डाकडे पाहिलं. "काय झालं त्याचं, तुम्हाला माहितेय का?"

हिल्डाला पाव, अंडी, टोस्टर, रंगीत टीव्ही, चंद्रावर उतरलेली माणसं, सगळं माहीत होतं. हे माहीत नव्हतं. लान्सीलाही नव्हतं. तो भिंतीशी उभा राहून तोंडावर हात दाबत होता.

शब्बीर हळूच म्हणाला, "भाभी, निघायला पाहिजे."

हिल्डाने श्वास घेतला. "कर्फ्यू उठला," ती म्हणाली.

रेजिनाने मान हलवली. "कोण म्हणतं?"

"रेडिओवर सांगितलं."

"बस चालू झाली?"

"झाली."

"किती घेतात?" रेजिनाच्या आवाजात संशय होता. वॉर्डात खोटं बोलणाऱ्या पेशंटला विचारावं तसं तिने विचारलं.

"तीस सेंट," हिल्डा म्हणाली. "सुटे द्यावे लागतात. ड्रायव्हर मोड देत नाही." तिने पर्समधून इथली शंभर फिल्सची तीन नाणी काढून चटईवर ठेवली. "हे घ्या. तीन डाइम, दहा-दहा सेंटचे."

रेजिनाने नाण्यांकडे पाहिलं. मग जाफरकडे. सदरा सोडला नाही.

"आणि वॉल्टर?"

जाफरला एक शब्द कळत नव्हता, पण तो हलत नव्हता. त्याच्या कपाळावर घाम होता. हिल्डाने त्या अनोळखी माणसाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आज सकाळी गाडीतून हाच माणूस दिसला असता तर तिने दरवाजाचं लॉक लावलं असतं.

"वॉल्टर इथेच आहे," ती म्हणाली. आजवर तिने नणंदेला कधी अरेतुरे केलं नव्हतं. आता नकळत झालं. "बघ ना. तुझ्या हातात आहे तो. गेलाच नाही."

"गेला नाही?"

"नाही. तू जाऊ दिलं नाहीस."

रेजिनाने जाफरचा चेहरा न्याहाळला. बराच वेळ. एक हात सोडून तिने त्याच्या गालाला लावला. त्याने म्हातारीकडे पाहिलं, म्हातारीने डोळ्यांनीच असू दे म्हटलं, आणि तो तसाच बसून राहिला.

मग रेजिनाचा दुसरा हातही सुटला. ती रडली नाही. फक्त एकदम थकलेली दिसू लागली.

लान्सीने तिला उभं केलं. दारात हिल्डाने म्हातारीचे दोन्ही हात धरले. तिला येत असलेलं सगळं अरबी दुकानातलं होतं. म्हातारीने काहीतरी म्हटलं आणि बाहेर बोट दाखवलं.

"म्हणते, लवकर जा," शब्बीर म्हणाला. "आणि म्हणते, हिला एकटीला सोडू नका."

*

ते घरी पोचले तेव्हा बावतीस पायरीवर बसला होता. मनामाच्या सूक बाजारापर्यंत जाऊन, दोन हॉस्पिटलं बघून आला होता. बहिणीला पिकअपमधून उतरताना पाहून तो उठला, आणि आत जाऊन तोंड धुऊन आला.

शर्लिनने आत्याला कोचावर बसवलं, पाय पाण्यात घातले. हिल्डाने चहा टाकला. कोणी दिवे लावले नव्हते. बाहेर ऊन उतरत होतं आणि खिडकीतून लांबवर दुसरा धूर दिसत होता. पुन्हा फट्‌ फट्‌ आवाज झाले. शर्लिनने दचकून पडदा ओढला.

"तिकीट मी परत करतो," बावतीस म्हणाला.

"नको," हिल्डा म्हणाली.

लान्सीने मान वर केली.

"ती इथे राहू शकत नाही," हिल्डा म्हणाली. "मला आजही तेवढीच भीती वाटतेय, लान्सी. उलट काल होती त्याहून जास्त. पण खाटेवर एकटी पण नाही टाकायची तिला. त्याच विमानात अजून एक जागा बघ, बावतीस. मी रजा घेते. आम्ही नंदाखालला राहू. तुझ्या बायकोला सांग, मी येतेय, तिच्यावर काही पडणार नाही."

"रजा संपल्यावर?" लान्सीने विचारलं.

"तेव्हाचं तेव्हा."

"आणि इथे मी? शर्लिन?"

"तुम्ही गॅस बंद करून झोपा," हिल्डा म्हणाली. लान्सी तिच्याजवळ आला. दुपारी तो जे बोलला होता त्याबद्दल त्याला काही म्हणायचं होतं, पण त्याने फक्त तिच्या हातातला कप घेतला, कारण चहा सांडत होता.

बावतीसने घड्याळ पाहिलं. "माझी सहाची शिफ्ट आहे. रस्ता बंद व्हायच्या आत निघतो. तिकिटाचं उद्या बघतो."

तो बूट घालून, नाड्या बांधून दाराकडे निघाला. कोचाजवळून जाताना रेजिनाचा हात झटकन पुढे आला आणि तिने त्याचं मनगट धरलं.

"बावत्या," ती म्हणाली. या हाकेने त्याला लहानपणी फक्त तीच बोलवायची, आणि कित्येक महिन्यांत तिने त्याला कुठल्याच नावाने हाक मारली नव्हती. "बाहेर जाऊ नको रे."

"बाय, कामाला जायचंय."

"बाहेर जाऊ नको. कोपऱ्यापर्यंत पण नको."

बावतीसने सोडवायला हात ओढला. तिने सोडला नाही. तिच्या डोळ्यांत काय होतं ते त्याने पाहिलं. दुपारच्या गोष्टी त्याला अजून कोणी नीट सांगितल्या नव्हत्या, पण ती भीती त्याच्यासाठीच होती, एवढं त्याला कळलं.

"फोन दे," तो शर्लिनला म्हणाला. शिफ्टच्या माणसाला त्याने सांगितलं, की येऊ शकत नाही. नाही, रस्त्याचं कारण नाही. घरचं कारण आहे.

मग तो बहिणीच्या शेजारी बसला आणि एका हाताने बुटाच्या नाड्या सोडू लागला. दुसरा हात तिच्याकडेच होता.